सॉमरसेट: चर्चच्या आवारातला मध्ययुगीन दगडी क्रूस धुवावा का? नवा माथा बसवावा का?

सुनीता_सॉमरसेट

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबलचक आहे, पण त्रोटक विचारला तर उत्तरंही त्रोटक येतील, म्हणून सगळं सांगते.

माझं माहेर नगरचं, घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती. लग्नानंतर इंग्लंडात आले आणि आता दक्षिण सॉमरसेटमधल्या एका लहान गावात आमचं घर आहे. गावात एकच चर्च, आणि मी तिथल्या पीसीसीवर, म्हणजे चर्चच्या कारभारी मंडळावर, निवडून आले आहे. मंडळात सगळ्यांत नवी मीच, आणि बाहेरून आलेलीही मीच.

चर्चच्या दक्षिण दरवाजासमोर, जुन्या कबरींच्या मधोमध एक दगडी क्रूस आहे. क्रूस म्हणायचं इतकंच, कारण आडवा भाग नाहीच. तीन पायऱ्यांचा अष्टकोनी चौथरा, त्यावर एक भला मोठा बैठकीचा दगड, तो खाली चौकोनी आणि वर येता येता कोपरे तासून अष्टकोनी केलेला. त्या दगडात रोवलेला दीड पुरुष उंचीचा खांब वर निमुळता होत जातो आणि एकदम संपतो. पायऱ्या निळसर करड्या, खांब मधाच्या रंगाचा. खांबाच्या उत्तर अंगाला हिरवट शेवाळ, बाकी सगळीकडे दगडफुलांच्या चकत्या. काही पांढऱ्या, काही करड्या, आणि दक्षिणेच्या बाजूला हळदीसारख्या पिवळ्या-नारिंगी. मधल्या पायरीच्या एका कोपऱ्याचे पापुद्रे सुटत आहेत. हात लावला की चपट्या कपच्या निघतात.

आता विषय असा की गावातल्या एका कुटुंबाने आजोबांच्या स्मरणार्थ चांगली मोठी देणगी देऊ केली आहे. त्यांची इच्छा अशी की क्रूस प्रेशर वॉशरने धुऊन लख्ख करावा, सांधे सिमेंटने भरावेत, वर नवा कोरीव माथा बसवावा आणि बैठकीच्या दगडावर आजोबांच्या नावाची पाटी लावावी. माणसं भली आहेत, चर्चसाठी कायम धावून येणारी. मंडळातही सगळ्यांना कल्पना आवडली. मला एकटीलाच ते पटेना, पण का पटत नाही ते धड सांगताही आलं नाही.

तो मोडका क्रूस मला कधीच अपुरा वाटला नाही. उपासना संपली की मी दोन मिनिटं त्याच्या पायरीशी थांबते. पण माझ्या भावनेवर मंडळ ठराव करणार नाही. म्हणून जाणकारांना विचारते: हा क्रूस मुळात कशासाठी होता? माथा गेला कुठे? दगडफूल काढावं का? परवानगी कुणाची लागते? आणि नवा माथा बसवण्यात खरंच काही वावगं आहे का? पुढच्या बैठकीआधी मला हे नीट समजून घ्यायचं आहे.

अभय_ब्रिस्टल

सुनीताताई, मी काही यातला तज्ज्ञ नाही, पण दुसरी बाजूही मांडतो. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडातल्या कितीतरी गावांनी असेच मोडके जुने क्रॉस दुरुस्त करून, वर नवे माथे बसवून, त्यांची युद्धस्मारकं केली. आज शंभर वर्षांनी ती गावाची मानाची जागा आहेत. दर नोव्हेंबरात तिथे फुलांची चक्रं ठेवतात. म्हणजे गावाने आपल्या काळाची भर घालणं नवीन नाही. चर्च हे काही वस्तुसंग्रहालय नव्हे, तिथे रोज वावरणारी माणसं आहेत. त्यांना पूर्ण क्रॉस हवासा वाटला तर त्यात मला गैर दिसत नाही.

पण प्रेशर वॉशरचं ऐकून मात्र माझाही जीव वर-खाली झाला. आधी हिस्टॉरिक इंग्लंडच्या, म्हणजे वारसा जपणाऱ्या सरकारी संस्थेच्या, संकेतस्थळावरच्या राष्ट्रीय वारसा यादीत गावाचं नाव टाकून बघा. क्रॉसची वेगळी नोंद असू शकते.

छिन्नीवाला

मी दगडी वास्तूंच्या संवर्धनाचं काम करतो. मूळ कोल्हापूरचा, गेली बरीच वर्षं याच देशाच्या नैर्ऋत्य भागात चुना आणि छिन्नी घेऊन फिरतो आहे. ताई, तुमचं वर्णन इतकं नेटकं आहे की फोटो न बघताही बरंच सांगता येतं.

पायऱ्या, त्यावर बैठकीचा दगड, त्यात खांब, वर माथा हा मध्ययुगीन इंग्लंडातला सगळ्यांत रुळलेला प्रकार. अकराव्या-बाराव्या शतकापासून धर्मसुधारणेपर्यंत, म्हणजे सोळाव्या शतकात इंग्लंड रोमच्या चर्चपासून वेगळं होईपर्यंत, असे क्रॉस उभे राहत होते. चौकोनातून अष्टकोनात जाणारा बैठकीचा दगड आणि निमुळता खांब यांवरून तुमचा चौदाव्या-पंधराव्या शतकातला असावा. निळसर करड्या पायऱ्या म्हणजे ब्लू लायस नावाचा थराथरांचा चुनखडक, आणि मधाच्या रंगाचा खांब म्हणजे जवळजवळ नक्की हॅम हिलचा चुनखडक. तुमच्या भागातली निम्मी चर्चेस आणि घरं त्याच टेकडीतून निघाली आहेत.

मध्ययुगात इंग्लंडात असे 12,000 हून अधिक उभे क्रॉस असावेत असा अंदाज आहे. आज 2,000 सुद्धा उरलेले नाहीत. त्यातही मूळ माथ्यासकट उभा असलेला क्रॉस दिसला तर आम्ही गाडी थांबवून उतरतो. लिंकनशरमधल्या सॉमर्सबीचा तसा आहे, पंधराव्या शतकातला, एका अंगाला क्रूसित ख्रिस्त आणि दुसऱ्या अंगाला बाळाला घेतलेली मरिया.

हा कशासाठी होता? तुम्ही ज्याला झावळ्यांचा रविवार म्हणता, म्हणजे ईस्टरच्या आधीचा रविवार, त्या दिवशी पूर्वी चर्चमधून मिरवणूक निघायची, आवाराला वळसा घालून या क्रॉसपाशी थांबायची, इथे गायन-वाचन व्हायचं, मग मंडळी पुन्हा आत जायची. दक्षिण दरवाजासमोरची जागा त्यासाठीच सोयीची. हेरफर्डशरमधल्या काही क्रॉसच्या बैठकीच्या दगडात छोटा कोनाडासुद्धा कोरलेला असतो. गावच्या घोषणा, करारमदार, प्रवचनं हेही क्रॉसच्या पायऱ्यांवर चालायचं.

पण मला स्वतःला सगळ्यांत मोठी वाटते ती वेगळीच गोष्ट. तुम्ही म्हणता क्रॉस जुन्या कबरींच्या मधोमध आहे. त्या कबरी बहुधा सतराव्या शतकानंतरच्या आहेत. त्याआधी साध्या माणसाच्या कबरीवर दगड नसायचाच. शेतकरी, गुराखी, बाळंतपणात गेलेल्या बाया, साथीत गेलेली मुलं, सगळी त्याच जमिनीत, एकावर एक, नावाशिवाय. त्या सगळ्यांच्या डोक्याशी मिळून एकच खूण होती, ती म्हणजे हा क्रॉस.

माथ्याचं म्हणाल तर इंग्लंडात मूर्ती आणि प्रतिमांवर पहिला मोठा घाव सोळाव्या शतकात, राजा सहाव्या एडवर्डच्या काळात पडला. दुसरा सतराव्या शतकात. 28 ऑगस्ट 1643 ला संसदेने फर्मान काढलं की चर्चमधल्या आणि चर्चच्या आवारातल्या क्रूसमूर्ती, क्रॉस, संतांच्या प्रतिमा काढून टाका, आणि त्यासाठी 1 नोव्हेंबरची मुदत दिली. बऱ्याच ठिकाणी लोकांनी माथा तेवढा उतरवला आणि खांब राहू दिला. सगळ्याच ठिकाणी तो फोडला असंही नाही. ग्लॉस्टरशरमधल्या अ‍ॅम्पनी क्रूसिस गावात माथा चर्चच्या भिंतीत चिणून ठेवलेला एकोणिसाव्या शतकात सापडला आणि पुन्हा खांबावर चढला. कुणीतरी तो जपून लपवला होता. तेव्हा तुमच्या चर्चच्या पोर्चमध्ये, मनोऱ्याच्या जिन्यात, जुन्या पाळकनिवासाच्या बागेत कोरीव दगडाचा तुकडा पडला आहे का, एकदा डोळ्यांत तेल घालून बघा.

आता धुण्याबद्दल. प्रेशर वॉशर नको म्हणजे नकोच. हॅम हिलच्या दगडावर शतकानुशतकं हवा खाऊन एक कठीण साल तयार झालेली असते. पाण्याचा जोर ती साल सोलून काढतो, आतला मऊ दगड उघडा पडतो आणि पुढच्या काही हिवाळ्यांत भुगा होऊन गळतो. शिवाय पाणी सांध्यांत खोल शिरतं, आणि तुमच्या ब्लू लायसच्या पायऱ्या मुळातच थराथरांच्या आहेत. थरात पाणी, त्यावर कडाक्याची थंडी, पाण्याचा बर्फ, बर्फ फुगला की थर उचलला. मधल्या पायरीचे पापुद्रे हेच सांगत आहेत.

दगडफुलांना हात लावू नका. त्यातली काही वर्षाला एक मिलिमीटरसुद्धा वाढत नाहीत. तळहाताएवढी चकती दिसली तर ती कित्येक पिढ्या तिथे आहे असं समजा. ती दगडाच्या कणांत घुसून बसलेली असतात, खरवडली तर दगडाचा पृष्ठभागही बरोबर घेऊन येतात. इंग्लंडातल्या चर्चची आवारं ही दगडफुलांची फार मोठी आश्रयस्थानं आहेत आणि काही दुर्मीळ जातींना कायद्याचं संरक्षण आहे. उत्तर अंगाचं हिरवं शेवाळ मात्र ओल कुठून येते ते दाखवतं. वरून झाडाची फांदी आली असेल, सावली धरून असेल, तर फांदी कमी करणं हाच त्यावर इलाज.

सिमेंटने आम्हाला जितकं काम मिळवून दिलं तितकं दुसऱ्या कशानेही नाही, पण असं काम कुणाला हवंय? सिमेंट कडक आणि घट्ट, त्यातून ओल बाहेर पडत नाही. मग ती शेजारच्या मऊ दगडातून बाहेर पडते, जाताना क्षार सोडते, आणि दगड कुजत जातो. सिमेंटचा सांधा तसाच उभा आणि दोन्ही बाजूंचा दगड झिजून आत गेलेला, असं दृश्य मी पुष्कळ वेळा पाहिलं आहे. सांधे भरायचे तर चुन्यानेच.

परवानगीचं अभयरावांनी सुचवलं ते आधी करा. असे क्रॉस बरेचदा दोन्हीकडे नोंदलेले असतात, संरक्षित वास्तू म्हणून आणि संरक्षित पुरातन स्मारक म्हणूनही. पुरातन स्मारक असेल तर 1979 च्या कायद्याने साफसफाई आणि दुरुस्तीलाही सरकारची लेखी संमती लागते. अर्ज हिस्टॉरिक इंग्लंडकडे करायचा, त्याला शुल्क नाही. संमतीशिवाय काम केलं तर तो फौजदारी गुन्हा आहे. ते काहीही असलं तरी चर्च ऑफ इंग्लंडच्या आवारात अशा कामाला डायोसीसची, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतल्या धर्मप्रांताची, परवानगी लागतेच. तिला फॅकल्टी म्हणतात. तुमच्या आर्चडीकनना, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या वरिष्ठ पाळकांना, फोन केलात तर पुढची वाट तेच दाखवतील. दर पाच वर्षांनी वास्तुतज्ज्ञ चर्चची पाहणी करून अहवाल देतो, त्यात क्रॉसचा उल्लेख असेल. तो अहवाल बैठकीत टेबलावर ठेवा.

आणखी एक काम सांगतो. खांबाचं वरचं टोक नीट बघा. शिडी क्रॉसला टेकवू नका. लांब काठीवर फोन लावून वरून फोटो घ्या. टोक ओबडधोबड तुटलेलं आहे की सपाट, मध्ये भोक आहे का, भोकात काय आहे, यावरून बरंच कळेल. आणि अंधार पडल्यावर बॅटरी खांबाला जवळजवळ चिकटवून, प्रकाश बाजूने तिरपा पाडून चारही अंगं बघा. दिवसा न दिसणाऱ्या रेघा उठून येतात.

सुनीता_सॉमरसेट

छिन्नीवालादादा, तुमचे किती आभार मानू! नावाशिवाय पुरलेल्या माणसांचं तुम्ही लिहिलंत ते वाचून मी उठून बाहेर गेले आणि थोडा वेळ अंगणात उभी राहिले. मला काय खुपत होतं ते तिथे कळलं. तो क्रूस सगळ्यांचा आहे. त्यावर एकाच घराचं नाव लागलं तर ज्यांची नावं कधीच कुठे लागली नाहीत त्यांची एकुलती खूणही जाईल. माझी आजी नगरजवळच्या खेड्यात गेली, तिच्या कबरीवर दगड नव्हता, नुसता मातीचा उंचवटा आणि वर लाकडी क्रूस. दोन पावसाळ्यांत लाकूड कुजून गेलं. म्हणून असेल कदाचित, पण हे मला फार आतून पटलं.

यादीत बघितलं. दोन्ही नोंदी आहेत, संरक्षित वास्तू आणि पुरातन स्मारक. मंडळातल्या एकालाही माहीत नव्हतं.

मुलाने सेल्फी स्टिकला बांबू बांधून वरून फोटो घेतले. टोक तुटलेलं नाही, चक्क सपाट तासलेलं आहे. मधोमध चौकोनी भोक, साधारण दोन बोटं रुंद, करड्या मऊसर धातूने भरलेलं. त्याच्या भोवती तीन बारीक गोल भोकं, आणि त्यांतल्या दोहोंच्या कडेला दगडावर हिरवट डाग उतरलेले. शेवाळाचा हिरवा नाही, मोरचुदासारखा निळसर हिरवा. माथ्याला एवढी भोकं कशाला?

रात्री बॅटरीचा प्रकाशही पाडून बघितला. खांबाच्या पूर्व अंगाला, माझ्या खांद्याच्या उंचीवर, वीतभर लांबीची एक उभी आकृती आहे. कोरीव होती हे नक्की. वर गोलसर डोकं, खाली वस्त्राच्या चुण्यांसारख्या तीन-चार रेघा, चेहरा पार गेलेला. बॅटरी किंचित हलवली की दिसेनाशी होते. सकाळी तिथेच हात फिरवला तर काहीच लागलं नाही. इतके दिवस मी तिच्यासमोर उभी राहत होते!

छिन्नीवाला

ताई, फोटो पाहिले. मन भरून आलं.

करडा धातू म्हणजे शिसं. माथा आणि खांब जोडताना मधल्या भोकात लोखंडी खीळ उभी करून वितळलेलं शिसं ओतायचे. म्हणजे चौकोनी भोक मूळ माथ्याचं असण्याची शक्यता मोठी. पण बाजूची तीन बारीक भोकं आणि तो निळसर हिरवा डाग वेगळी गोष्ट सांगतात. तांबं किंवा पितळ पावसात भिजलं की असा डाग सोडतं. सपाट केलेलं टोक, त्यावर खिळ्यांनी बसवलेली पितळी तबकडी, म्हणजे सूर्यघड्याळ. माथा गेल्यावर अशा खांबांवर सूर्यघड्याळ बसवायची पद्धत सतराव्या-अठराव्या शतकात ठिकठिकाणी होती. दक्षिण दरवाजासमोर, दिवसभर ऊन, याहून चांगली जागा गावात कुठली मिळणार?

म्हणजे बघा, माथा गेल्यावरही गावाने हा खांब टाकून दिला नाही. नवा माथा बसवायचा तर हे टोक पुन्हा तासावं लागेल, शिसं उपसून नवी स्टीलची खीळ घालावी लागेल, आणि ही तिन्ही भोकं जातील. तुमच्या मंडळाला हा फोटो मोठा करून दाखवा.

खांबावरची आकृती फार जपा. खांबाच्या अंगावर संताची उभी मूर्ती कोरलेले क्रॉस सॉमरसेटमध्ये आहेत, तुमची त्यातली असू शकते. यादीतल्या नोंदीत तिचा उल्लेख नसेल तर हिस्टॉरिक इंग्लंडला फोटो पाठवा, ते नोंद सुधारून घेतात. आणि ज्या माणसाने प्रेशर वॉशरचा दर दिला असेल त्याला कृपा करून आजच नाही म्हणून कळवा.

अभयरावांच्या मुद्द्यालाही उत्तर देतो, कारण तो गंभीर आहे. स्कॉटलंडमधल्या रथवेलचा क्रॉस आठव्या शतकातला, साडेपाच मीटर उंच, त्यावर रून या जुन्या जर्मानिक लिपीत जुन्या इंग्रजी काव्याच्या ओळी. 1642 मध्ये चर्चच्या हुकमाने तो पाडून फोडला. तुकडे चर्चमध्ये आणि आवारात पडून राहिले. हेन्री डंकन नावाच्या तिथल्या पाळकाने, ज्याने 1810 मध्ये बचत बँक सुरू केली तोच हा माणूस, ते तुकडे गोळा करून 1823 मध्ये क्रॉस पुन्हा उभा केला. त्याचे उपकार विसरता येणार नाहीत. पण आडव्या भागाचे दगड मिळाले नाहीत, म्हणून त्याने ते अंदाजाने नवे कोरून घेतले. आज अभ्यासक त्या क्रॉससमोर उभे राहतात तेव्हा आधी मनातल्या मनात तो आडवा भाग वजा करावा लागतो. डंकनकडे निदान मूळ तुकडे होते. तुमच्याकडे माथा कसा होता याचा एकही धागा नाही. बनेल तो 21 व्या शतकातला अंदाज.

विद्या_कंब्रिया

मीही थोडं लिहिते. आम्ही पश्चिम कंब्रियात राहतो, गॉसफर्थ गाव जवळच आहे. तिथल्या सेंट मेरी चर्चच्या आवारातला क्रॉस दहाव्या शतकातला, तांबड्या वालुकाश्मातला, जवळजवळ साडेचार मीटर उंच आणि इतका सडपातळ की हजार वर्षांच्या वादळांत तो टिकला कसा याचंच नवल वाटतं. खांबाचा खालचा भाग गोल, वरचा चौकोनी. वाइकिंग वस्तीच्या काळातला असल्याने त्यावर ख्रिस्ताबरोबर नॉर्स, म्हणजे वाइकिंगांची जुनी, दैवतंही आहेत. पूर्वेला हात पसरलेला ख्रिस्त, त्याच अंगाला वर लांडग्याचा जबडा फाडणारा विदार. पश्चिमेच्या अंगाला अगदी खाली बांधून घातलेला लोकी, आणि त्याच्या डोक्यावर टपकणारं सापाचं विष वाटीत झेलत बसलेली त्याची बायको सिगिन. तिची मान किंचित पुढे झुकलेली आहे. दुपार कलल्यावर ऊन त्या अंगावर तिरपं पडतं तेव्हा वाटीची कड स्पष्ट दिसते, एरवी सगळा लाल खडबडीत दगड.

सुनीताताईंना उपयोगी पडेल अशी गोष्ट मात्र वेगळी आहे. एकोणिसाव्या शतकात अ‍ॅस्पॅट्रियाचे पाळक कॅल्व्हर्ली या क्रॉसच्या अभ्यासात बुडून गेले होते. आपल्या गावातही असा क्रॉस असावा असं त्यांना वाटलं, तर त्यांनी मूळ क्रॉसला धक्का न लावता त्याची पूर्ण प्रतिकृती घडवून घेतली आणि 1887 मध्ये स्वतःच्या चर्चच्या आवारात उभी केली. ती आजही तिथे आहे. म्हणजे कुणाला पूर्ण क्रॉस उभारायचाच असेल तर नवा दगड आणून नव्या जागी उभारता येतो.

आणि बिनमाथ्याचा क्रॉस अपुरा वाटत असेल तर त्यांना ब्यूकॅसलला जायला सांगा. आमच्याच कंब्रियात, उत्तरेला, अगदी आडबाजूला. सातव्या-आठव्या शतकातला खांब, रून लिपीतला लेख, वेली, पक्षी, आणि अंगावर कोरलेलं सूर्यघड्याळ, ब्रिटनमधलं सगळ्यांत जुनं मानलं जातं ते. माथा चारशे वर्षांपूर्वीच गेला. त्यावर नवा बसवायचं कुणाच्या मनातही येत नाही.

अभय_ब्रिस्टल

छिन्नीवाला आणि विद्याताई, पटलं. युद्धस्मारकांबद्दलचं माझं मत कायम आहे, पण तिथे अख्ख्या गावाची नावं असतात, एका घराचं नाही. आणि सूर्यघड्याळाची भोकं बुजवून माथा बसवणं मलाही जड जाईल. ताई, बैठकीचं काय झालं ते नक्की कळवा.

सुनीता_सॉमरसेट

बैठक झाली. सांगते.

मी आधी देणगी देणाऱ्या कुटुंबातल्या आजींकडे गेले. मंडळासमोर त्यांना अवघडल्यासारखं होऊ नये असं वाटत होतं. त्यांना घेऊन संध्याकाळी क्रूसापाशी गेले, बॅटरी लावली आणि ती आकृती दाखवली. त्या बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, त्यांच्या यजमानांना या पायरीवर बसून लहानपणी डबा खाल्ल्याचं आठवायचं, शाळा समोरच होती. त्यांना पाटीपेक्षा ही जागा जपली जाणं महत्त्वाचं वाटलं. नावाशिवाय पुरलेल्या माणसांचंही मी सांगितलं. त्यावर त्यांनी फक्त मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी स्वतःच पाळकांना फोन केला.

मंडळात थोडी चर्चा झाली, एकदोघांना नवा माथा हवाच होता. वरून काढलेला फोटो, पाहणीचा अहवाल आणि 1979 चा कायदा हे तिन्ही टेबलावर ठेवल्यावर कुणी आग्रह धरला नाही. अहवालात पायऱ्यांच्या सांध्यांकडे लक्ष द्या असं आधीच लिहिलेलं निघालं! ठरलं ते असं: देणगीतून पायऱ्यांचे सांधे चुन्याने भरून घ्यायचे, सुटलेल्या कोपऱ्याचं काय करायचं ते तज्ज्ञाला विचारायचं, उत्तरेकडच्या यू वृक्षाची क्रूसावर आलेली फांदी परवानगी घेऊन कमी करायची. गवत कापणाऱ्याने मशीन चौथऱ्यापासून हातभर लांब ठेवायचं, त्या पट्ट्यातलं गवत हाताने कापायचं. ते काम मी घेतलं आहे. आजोबांचं नाव चर्चच्या आतल्या देणगीच्या वहीत लिहायचं. आणि येत्या झावळ्यांच्या रविवारी मिरवणूक क्रूसापाशी थांबवायची असं पाळकांनी आपणहून सुचवलं. आमच्याकडे नगरला झावळ्या घेऊन अख्खी मंडळी गात रस्त्याने जायची, ते मी त्यांना बोलता बोलता सांगितलं होतं.

आर्चडीकनना पत्र गेलं आहे, हिस्टॉरिक इंग्लंडला फोटो गेले आहेत. आता शेवटचा प्रश्न: चुन्याचं काम करणारा गवंडी पारखायचा कसा? दर मागवायला सांगितलं आहे आणि मला यातलं काही कळत नाही.

छिन्नीवाला

ताई, फार मोठं काम केलंत.

गवंडी परवानगी येईपर्यंत पक्का करू नका. डायोसीसची सल्लागार समिती कुणाची शिफारस करते ते विचारा. दर सांगायला येईल तेव्हा त्याला विचारा की चुना कुठला वापरणार, वाळू कुठली, आणि काम कोणत्या महिन्यात करणार. ऑक्टोबरनंतर बाहेरचं चुन्याचं काम काढतो म्हणाला तर थांबा, कारण ओला चुना गोठला की वाया जातो. वसंत ऋतू संपता संपता सुरू केलेलं बरं. भर उन्हाळा असेल तर ओलं पोतं टाकून सावली धरणार का, तेही विचारा. जुने सांधे यंत्राच्या चकतीने कापणार म्हणाला तर दुसरा माणूस बघा. ते हातानेच, बारीक छिन्नीने मोकळे करायचे असतात. आणि त्याने पाच-सहा वर्षांपूर्वी केलेलं एखादं काम जाऊन बघा. नवं काम सगळ्यांचंच छान दिसतं. सांधा शेजारच्या दगडापेक्षा किंचित मऊ असला पाहिजे, नखाने दाबला तर जरासा खरवडला जाईल इतका.

सुटलेल्या कोपऱ्याच्या ज्या कपच्या आधीच खाली पडल्या आहेत त्या फेकू नका. कागदात गुंडाळून, कुठल्या पायरीच्या कुठल्या बाजूच्या ते लिहून, चर्चच्या कपाटात ठेवा. येणाऱ्या माणसाला त्या लागतील.